काचेवरचा लाल कागद: कॅलिफोर्नियातल्या २० डॉलर मजुरीचं प्रकरण

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये माझ्या घरापासून दहा मिनिटांवर एक सँडविचचं दुकान आहे. मोठ्या साखळीचं, नाव घेत नाही. चालवणारे गृहस्थ आपल्याकडचे, सांगलीचे. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, तेव्हापासून मी त्यांना काका म्हणतो. दुकानाच्या काचेला आतून ‘नाऊ हायरिंग’ असा एक लाल कागद चिकटवलेला असायचा. उन्हाने तो आधी गुलाबी झाला, मग जवळजवळ पांढरा. एकदा मी विचारलंच, "काका, एवढी माणसं लागतात?" ते म्हणाले, "अरे, काढून काय करू? आठ दिवसांनी परत लावायचाच आहे."

लासलगावला कांद्याची आवक घटली की भाव चढतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग ज्या धंद्यात कायम माणसांची आवक कमी, तिथे माणसांचा भाव का चढत नाही? अमेरिकेतल्या फास्ट फूडमध्ये वर्षानुवर्षं दोन गोष्टी शेजारी-शेजारी नांदल्या: ‘कामाला कुणी मिळत नाही’ ही तक्रार आणि देशातल्या सर्वात कमी पगारांपैकी एक. कॅलिफोर्नियाने १ एप्रिल २०२४ पासून या कामाला ताशी २० डॉलर हा किमान दर लावला. तिथपर्यंत गाडी कशी आली आणि पुढे काय झालं, ते इथे मांडतो. मी अर्थशास्त्रज्ञ नाही. सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण हिशोब आवडतात.

स्वयंपाकी नसलेलं स्वयंपाकघर

सुरुवात लॉस एंजेलिसच्या पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवरच्या सॅन बर्नार्डिनोपासून करावी लागते. तिथे रिचर्ड आणि मॉरिस या मॅकडोनाल्ड बंधूंचं रस्त्याकडेचं खाणावळवजा दुकान होतं. गाडी लावायची, मुलगी येऊन ऑर्डर घेणार, चिनी मातीच्या बशीत खाणं आणून देणार. धंदा उत्तम चालला होता. तरी १९४८ मध्ये त्यांनी दुकान काही महिने बंद ठेवलं, ऑर्डर घेणाऱ्या सगळ्या मुलींना काढलं, यादीतले पदार्थ नऊवर आणले, बशा-काटे-चमचे जाऊन कागद आला, आणि वर्षाअखेरीस १५ सेंटचा हॅम्बर्गर घेऊन पुन्हा उघडलं. आत कारखान्याची रांग होती. एकाने फक्त मांस भाजायचं, एकाने फक्त बटाटे तळायचे, एकाने फक्त शेक भरायचे.

पदार्थ स्वस्त आणि झटपट झाला, हे सगळे सांगतात. माझं लक्ष दुसरीकडे जातं. आधीच्या खाणावळीत स्वयंपाकी सोडून गेला की मालकाच्या तोंडचं पाणी पळायचं. नव्या रचनेत कुणीही गेलं तरी काही अडत नव्हतं, कारण येणाऱ्याला चार दिवसांत शिकवता येत होतं. माणूस जाणार हे धरूनच काम आखलेलं होतं. त्यामुळे या धंद्यातली माणसांची सततची ये-जा हा बिघाड नाही, ती मूळ नकाशातच आहे.

योगायोग असा की त्याच १९४८ साली भारतात किमान वेतन कायदा आला. त्यात धंद्यांची अनुसूची होती, प्रत्येक धंद्याचा दर वेगळा ठरवायची सोय होती आणि सल्लागार मंडळावर मालक, कामगार व स्वतंत्र सदस्य बसायचे. महाराष्ट्राच्या अनुसूचीत ‘निवासी हॉटेल, उपाहारगृहे व खाद्यगृहे’ हा रकाना जुनाच होता. दर पुरेसे होते का आणि गल्लीतल्या हॉटेलात पोचत होते का, तो वेगळा आणि कडू विषय. पण ‘या एका धंद्याचा पगार मंडळ बसवून ठरवू’ ही कल्पना २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात मांडली गेली तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांनी तिला क्रांतिकारक म्हटलं. मला हसू आलं.

रिकाम्या जागेचा हिशोब

आता लाल कागदाकडे येऊ. समजा एका बर्गरच्या दुकानात एका वेळी दहा जण कामावर आहेत, प्रत्येकाला ताशी १६ डॉलर. अकरावा माणूस हवाय, पण तो १८ मागतो. मालकाला वाटतं, देऊन टाकू, दोनच डॉलर तर जास्त. पण स्वयंपाकघर एवढंसं असतं. नव्या पोराला १८ मिळतात ही बातमी फ्रायरपासून गल्ल्यापर्यंत दुपारच्या आत पोचते. मग दहाही जणांना दोन-दोन वाढवून द्यावे लागतात. म्हणजे अकराव्या माणसाची खरी किंमत त्याचे १८ आणि इतरांचे २०, मिळून ताशी ३८ डॉलर. त्यापेक्षा जागा रिकामी ठेवून उरलेल्या दहांना जरा जास्त पळवणं स्वस्त पडतं. कागद काचेवर राहतो. १६ ला कुणी आलंच तर उत्तम.

दुकानदार वाईट माणूस आहे असं यातून अजिबात निघत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. पण ‘टंचाई’ हा शब्द वापरला की दुष्काळासारखं, आभाळातून आलेलं काहीतरी वाटतं. ही टंचाई मात्र गल्ल्यामागे बसून, कागदावर बेरीज करून पत्करलेली असते.

आणि शेजारच्या दुकानाने जास्त दिले तर? तिथे पळून जाता यायला हवं. पण प्रिन्स्टनचे ॲलन क्रूगर आणि ऑर्ले ॲशेनफेल्टर यांनी २०१७ मध्ये मोठ्या फ्रँचायझी साखळ्यांचे (पाटी कंपनीची, दुकान चालवणारा मालक वेगळा) करार तपासले, तेव्हा १५६ पैकी ५८ टक्के साखळ्यांच्या करारात एक कलम सापडलं: आपल्याच साखळीतल्या दुसऱ्या दुकानाची माणसं घ्यायची नाहीत. म्हणजे एका दुकानात काम शिकलेली बाई दोन मैलांवरच्या त्याच पाटीच्या दुकानात एक डॉलर जास्त मिळतो म्हणून जाऊ शकत नव्हती, आणि तिला बहुधा हे ठाऊकही नव्हतं. करार मालक आणि कंपनी यांच्यात होता, तिला कोण दाखवणार? वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरलने चौकशी लावल्यावर जुलै २०१८ मध्ये सात साखळ्यांनी हे कलम सोडायचं कबूल केलं. त्यांत मॅकडोनाल्ड्सही होती. एका तोंडाने ‘माणसं मिळत नाहीत’ म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने माणसांच्या जाण्यायेण्याला कुलूप लावायचं, अशी ही तऱ्हा.

या सगळ्याचं बिल कुणीतरी भरत होतं. बर्कलीच्या लेबर सेंटरने २०१३ मध्ये मांडलेला हिशोब असा: दुकानात प्रत्यक्ष काम करणाऱ्या फास्ट फूड कामगारांच्या ५२ टक्के कुटुंबांना सरकारी मदतीचा आधार घ्यावा लागत होता, अन्नाची कुपनं, गरिबांसाठीचा आरोग्य विमा वगैरे. खर्च वर्षाला जवळपास ७ अब्ज डॉलर.

साथ

नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधले सुमारे दोनशे फास्ट फूड कामगार काम टाकून रस्त्यावर आले. मागणी: ताशी १५ डॉलर आणि युनियन. तेव्हा तिथला किमान दर ७.२५ होता. देशाचा किमान दरही तोच, २००९ पासून आजतागायत न हललेला. लोकांना ती मागणी वेडेपणाची वाटली. पण २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने फास्ट फूडपुरतं वेतन मंडळ बसवून १५ चा टप्पा ठरवला आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने सगळ्याच कामांसाठी तो मान्य केला.

मग कोविड आला. ‘अत्यावश्यक’ ठरलेल्या कामांत बर्गर भाजणंही होतं. कॅलिफोर्नियातल्या २०२० च्या मृत्यूंचा धंद्यानुसार अभ्यास झाला, त्यात सर्वात वर डॉक्टर किंवा नर्स नव्हते, स्वयंपाकघरात ओळीने उभे राहणारे आचारी होते. त्यांच्यातले मृत्यू एरवीच्या अंदाजापेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त. अरुंद जागा, वाफ, खांद्याला खांदा आणि आजारपणाची पगारी रजा नावापुरती. कॅलिफोर्नियात ही माणसं बहुतांशी लॅटिनो, घरी तीन पिढ्या एकत्र.

दुकानं पूर्ण उघडली २०२१ मध्ये, आणि माणसं परत आली नाहीत. आमच्या भागात ‘कर्मचारी नसल्यामुळे आत बसायची सोय बंद’ अशा चिठ्ठ्या दारोदार लागल्या. पोरांना सरकारने आठवड्याला तीनशे डॉलर जादा बेकारी भत्ता देऊन आळशी केलं, हे मी मंडळाच्या पॉटलकमध्ये किमान सहा जणांकडून ऐकलं. बेकारी भत्त्यातली ती वाढ ६ सप्टेंबर २०२१ ला देशभर संपली. निम्म्या राज्यांनी तर आधीच बंद केली होती. माणसं तरीही आली नाहीत. उलट त्या नोव्हेंबरात अमेरिकेत एका महिन्यात सुमारे ४५ लाख लोकांनी आपणहून नोकरी सोडली आणि हॉटेल-खाणावळ हे क्षेत्र त्यात आघाडीवर होतं. गोदामं, घरपोच सेवा, दवाखाने यांनी दर वाढवले होते. तेलाच्या वाफेत उभं राहण्याला पहिल्यांदाच खरा पर्याय मिळाला होता.

आणि आवक घटल्यावर भाव चढला. मॅकडोनाल्ड्सने मे २०२१ मध्ये स्वतःच्या मालकीच्या दुकानांत सरासरी १० टक्के वाढ जाहीर केली, चिपोटले या दुसऱ्या साखळीने सरासरी ताशी दर १५ डॉलरवर न्यायचं ठरवलं. पण ‘स्वतःच्या मालकीच्या’ हे शब्द नीट वाचायचे. अमेरिकेतली मॅकडोनाल्ड्सची सुमारे ९५ टक्के दुकानं फ्रँचायझीवाल्यांची आहेत.

मालक कोण?

इथे प्रकरणाची खरी गाठ आहे. पाटी कंपनीची, पाककृती कंपनीची, गणवेश कंपनीचा, यंत्रं कंपनीने सांगितलेली. पगाराचा चेक तेवढा काकांचा. कंपनी आपला वाटा विक्रीवर घेते, नफ्यावर नाही. मॅकडोनाल्ड्सने तर नव्या फ्रँचायझींसाठी हा वाटा २०२४ पासून ४ चा ५ टक्के केला, जागेचं भाडं त्यावर. मजुरी वाढली तर कंपनीच्या टक्क्याला धक्का नाही, काकांच्या खिशाला आहे. आणि कामगाराने ओव्हरटाइम बुडवल्याची तक्रार केली की कंपनी म्हणते, तो आमचा माणूसच नाही.

मुंबईच्या गोदीत आणि मसालेबाजारात हमालांना हेच उत्तर मिळायचं. व्यापारी म्हणायचा, हा टोळीवाल्याचा माणूस, आणि टोळीवाला म्हणायचा, काम व्यापाऱ्याचं. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला, त्याने या वादात न पडता त्रिपक्षीय मंडळच मध्ये बसवलं. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही (कामगारांच्या सोयींसाठीची जादा रक्कम) मंडळात भरायची, हमालाने मंडळाकडून घ्यायची.

कॅलिफोर्नियात एवढं टोकाला गेले नाहीत, पण रोख तोच होता. ५ सप्टेंबर २०२२ ला, अमेरिकेच्या कामगार दिनी, गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी या धंद्याचा दर ठरवणारी फास्ट फूड परिषद बसवण्याच्या कायद्यावर सही केली. परिषदेला २०२३ मध्ये दर २२ डॉलरपर्यंत नेता आला असता. साखळ्यांनी दहा लाखांवर सह्या गोळा करून तो कायदा २०२४ च्या सार्वमताकडे ढकलला, म्हणजे तोवर स्थगित. कामगार संघटनांनी त्याला तोडीस तोड डाव टाकला: फ्रँचायझीच्या चुकांना मूळ कंपनीही जबाबदार धरावी, असं नवं विधेयक आणलं. कंपन्यांचे धाबे दणाणले ते २० किंवा २२ डॉलरने नाही, या एका कलमाने.

मग सप्टेंबर २०२३ मध्ये तडजोड झाली. कंपन्यांनी सार्वमत मागे घेतलं, संघटनांनी जबाबदारीचं कलम सोडलं. देशभरात ६० किंवा जास्त दुकानं असलेल्या साखळ्यांना ताशी २० डॉलर, नऊ मतदार सदस्यांची परिषद आणि पुढे वर्षाला जास्तीत जास्त साडेतीन टक्के वाढीची मुभा असं ठरलं. २८ सप्टेंबरला सही. माझं मत विचाराल तर कंपन्यांनी व्यवहार चांगला केला. पैसे फ्रँचायझीवाल्याने द्यायचे होते, आणि ‘मालक कोण’ या प्रश्नावर पुन्हा झाकण बसलं.

कायद्यात एक गंमतही होती: दुकानातच पाव भाजून विकणाऱ्यांना सूट. ही पळवाट कुणासाठी, यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये बरीच राळ उडाली, पनेरा ब्रेडचं नाव पुढे आलं, आणि गव्हर्नरच्या कार्यालयाने सांगितलं की कणीक दुसरीकडे मळली जात असेल तर ही सूट त्या साखळीलाही लागू नाही. कणीक कुठे मळली यावर पगार ठरणार होता.

एक एप्रिलनंतर

राज्याचा सर्वसाधारण किमान दर तेव्हा १६ डॉलर होता. म्हणजे सुमारे पाच लाख कामगारांसाठी एका रात्रीत २५ टक्क्यांची उडी, असं मथळ्यांत आलं. ते सगळीकडे खरं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत शहराचाच दर १८.०७ होता, तिथे उडी दोनएक डॉलरची. फ्रेझ्नोच्या बाजूला, जिथे घरभाडं कमी आणि दर राज्याचा, तिथे पूर्ण चार. आठवड्याला चाळीस तास भरले तर वर्षाला ८,३२० डॉलरचा फरक. चाळीस तास मिळाले तर, हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

धक्के आधीपासूनच बसू लागले. डिसेंबर २०२३ मध्ये पिझ्झा हटच्या दोन मोठ्या फ्रँचायझींनी बाराशेहून जास्त डिलिव्हरीवाल्यांना काढत असल्याच्या नोटिसा दिल्या. पिझ्झा आता ॲपवाले पोचवणार, म्हणजे ज्यांना हा २० डॉलरचा दर लागूच नाही अशी माणसं. या प्रकरणातली मला सर्वात बोचणारी नोंद ही आहे. चिपोटलेने कॅलिफोर्नियातल्या किमती सहा-सात टक्क्यांनी वाढवल्या. जूनमध्ये उद्योगाच्या बाजूने पानभर जाहिरात आली की जवळपास दहा हजार नोकऱ्या गेल्या. तो आकडा सप्टेंबर ते जानेवारीच्या तुलनेतून काढलेला होता. फास्ट फूडमध्ये हिवाळ्यात माणसं दरवर्षीच कमी होतात, आणि जानेवारीत तर नवा दर लागूही झाला नव्हता.

गंभीर अभ्यासांचंही एकमत नाही. बर्कलीचे मायकेल राइश आणि सहकारी म्हणतात, पगार सुमारे १८ टक्के वाढले, नोकऱ्या घटल्याचं दिसत नाही आणि किमती ३.७ टक्के वाढल्या, म्हणजे चार डॉलरच्या बर्गरमागे पंधराएक सेंट. जुलै २०२५ मध्ये क्लेमन्स, एडवर्ड्स आणि मीर यांचा अभ्यास आला. त्यांच्या मते देशातल्या इतर फास्ट फूडच्या तुलनेत कॅलिफोर्नियातला रोजगार २.७ टक्क्यांनी घसरला, आधीचा कल जमेस धरला तर ३.२ टक्क्यांनी; त्यांचा मधला अंदाज साधारण १८ हजार नोकऱ्यांचा. फरक मुख्यतः तुलना कशाशी करायची यात आहे, आणि त्यात मी पडत नाही. दुसरा आकडा खरा धरला तरी त्याचा अर्थ १८ हजारांना घरी पाठवलं असा होत नाही. कायदा नसता तर तेवढ्या जागा जास्त असत्या, असा होतो. पण त्या जागांवर जी माणसं लागली असती त्यांना या वाक्याने काही मिळत नाही, हेही तितकंच खरं.

ऑर्डर घेणारी यंत्रं मात्र २० डॉलरच्या खात्यावर टाकू नयेत. ती आधीच येत होती. ७.२५ वाल्या राज्यांतही ती आहेत.

माझ्या दृष्टीने मोलाचा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो ३८ डॉलरच्या त्या बेरजेत आहे. दर सगळ्यांनाच २० झाला की अकराव्या माणसाची किंमत २० च पडते, ३८ नाही, कारण बाकीच्या दहांना ते आधीच मिळतायत. जागा रिकामी ठेवण्यातला जुना फायदा गेला. शिवाय समोरच्या बर्गरवाल्याचाही दर तोच, त्यामुळे जास्त दिले म्हणून तुम्ही एकटे बुडत नाही. परिषदेपुढे २०२४ मध्ये २०.७० करण्याचा प्रस्ताव चर्चेला आला, पण २०२५ मध्येही दर २० च राहिला. परिषदेत मालकांचे आणि कामगारांचे लोक समोरासमोर बसतात, आणि ओढाताण अपेक्षितच होती.

पुन्हा फ्रीमाँट

गेल्या उन्हाळ्यात दुपारी काकांकडे गेलो होतो. काचेवर कागद नव्हता. जिथे होता तिथे चिकटपट्टीच्या चार चौकोनी खुणा राहिल्यात. गल्ल्याशी तीच बाई होती, जी मी दोनेक वर्षं बघतोय. आधी तिथे दर तीन महिन्यांनी नवा चेहरा असायचा. कानाला हेडसेट, डाव्या हाताने ॲपवाल्याची पिशवी सरकवणं चालू आणि डोळे वरच्या पडद्यावर, जिथे प्रत्येक ऑर्डरचे सेकंद हिरव्याचे लाल होत असतात.

काका मागे टेबलावर पुढच्या आठवड्याचा तक्ता भरत होते. पूर्वी त्यात तीन-चार चौकोन कायम रिकामे असत आणि तिथे ते स्वतःचं किंवा काकूंचं नाव लिहीत. आता सगळे भरलेले. मी म्हटलं, "म्हणजे बरंच झालं की तुमचं."

"बरं कसलं? नफा निम्म्यावर आला," ते म्हणाले. "पोरं टिकतात आता, ते खोटं नाही बोलणार. शिकवत बसावं लागत नाही. पण वीस परवडायला तास कापले. आठचे पाच केले."

कामगारांच्या एका सर्वेक्षणात तासांची सार्वत्रिक कपात दिसलेली नाही. हे एका दुकानाचं सांगतोय. पण तेवढ्यात ती बाई आत आली, तक्त्याकडे बोट करून स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली. काकांनी तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये नाही म्हटलं. ती गेल्यावर मी विचारलं, काय म्हणत होती?

"शनिवारी अजून तीन तास मिळतील का विचारत होती," काका म्हणाले, आणि खोडरबर शोधायला लागले.